डुगडुगचं तेल

क्लच जळाला का वास येतो. तव्यावर भाकरी इसरली आन् तिच्यावर कुणी रबरी चप्पल ठेवली तर जसा यील ना, तसा. आमचं घर भाजे गावात, विहाराच्या मागं, लोहगडाच्या घाटाला रस्ता चढतो त्याच्या तोंडाशी. शनिवार-रविवार त्यो वास घाटावरनं खाली आमच्या पडवीत येतो, गिऱ्हाईक यायच्या आधी. वास आला का मी समूला कडेवरनं उतरवते, आन् पाने पोत्यावर मांडून ठेवते. थोड्या येळानं कुणीतरी शहरातलं पोरगं गाडी ढकलत, घामाघूम व्हऊन येतंच.

मी सारिका. समू माझी पोरगी. मी मोटरसायकलीचे क्लच बदलते, घरीच, पडवीत. माझी शाळा नववीत सुटली, लिवायचं म्हणलं का भ्या वाटतं, पाना धरताना न्हाई वाटत तेवढं. वाचनालयाच्या बाई दिवाळी अंकाला लिही, लिही म्हणून मागं लागल्या तवा मी तोंड चुकवायला लागले, त्या पुढनं आल्या का मी मागच्या दारानं पसार. मग एक दिवस त्यांचीच स्कूटी आमच्या दारात बंद पडली, आन् सापडले.

आधी क्लच म्हंजी काय ते सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. इंजिन आत सारखं फिरत असतं, चाकाला मातर कवा फिरायचं असतं कवा थांबायचं असतं. दोघांच्या मधी क्लच. नवरा आन् सासू यांच्या मधी सून असती तसा. जोडायचं बी तिनं, सोडवायचं बी तिनं, आन् दोन्हीकडनं घासली जाती ती बी तीच. (हे आमच्या आत्यांना वाचून दाखवू नका. आत्या म्हंजी माझी सासू, पुढं येत्यात त्या.) आत गोल गोल प्लेटांची चळत असती. एक फायबरची, एक लोखंडाची, परत फायबरची, परत लोखंडाची, भाकरी-ताटली भाकरी-ताटली अशी. वरनं स्प्रिंगा दाबून धरत्यात तवर सगळ्या चिकटून एकदम फिरत्यात आन् गाडी चालती. हँडलचा दांडा दाबला का स्प्रिंगा सैल, प्लेटा सुट्ट्या, इंजिन फिरतंय आन् चाक गप. आन् धड दाबायचं न्हाई, धड सोडायचं न्हाई असं केलं का त्याला हाफ क्लच म्हणत्यात. मग प्लेटा एकमेकींना घासत बसत्यात, आन् त्यो वास. शहरातली पोरं अख्खा घाट हाफ क्लचवर चढत्यात. चढाचं भ्या वाटतं, हात सुटत न्हाई. मला त्यांचा राग येत न्हाई. भ्या काय असतं ते मला लय चांगलं म्हाईत हाय.

पडवीतलं गॅरेज खरं समूच्या पप्पांचं, संतोषचं. पत्रे बदलताना शिडी सरकली, उजव्या हाताचं मनगट मोडलं, प्लास्टर पार कोपराच्या वर. मग असं सुरू झालं का ते खुर्चीत बसून बोलायचे आन् मी करायची. "दहाचा पाना दे... म्हंजी घे. दहाचा गं, त्यो बाराचा हाय. उलटा फिरव. तुझा उलटा न्हाई, बोल्टाचा उलटा." तोंड त्यांचं, हात माझे. पयल्यांदा मी एवढी घाबरले व्हते का बोल्ट निघाला तवा मला वाटलं मोडला.

त्या दिवसांतलं एक जोडपं मला आठवतं, पुण्याकडचं, लग्न नवीन असावं, पोरीच्या हातातला चुडा अजून भरलेला. गाडी भाड्यानं आणलेली आन् घाटात क्लचचा पार कोळसा. त्या पोरानं पडवीत वाकून बघितलं, मी मॅक्सीवर, डोक्याला ओढणी बांधलेली, हात काळे. म्हणला, "भैया किधर है?" मी म्हणलं, "भैया प्लास्टर में है. पाना मेरे पास है." माझ्या तोंडातनं हे कसं निघालं मला म्हाईत न्हाई, मी असं बोलत न्हाई. समूचे पप्पा खुर्चीत एवढे हसले का प्लास्टर दुखायला लागलं. ती पोरगी मातर आत आली, काम व्हईपर्यंत समूची झोळी हलवत बसली, जाताना नवऱ्याला म्हणली, "परतीला मी चालवणार, तुझा हात सुटत नाही." चालवत गेली बी, आमी बघत व्हतो.

पण आत्यांना हे पटत नव्हतं. आत्या खंडाळ्याला एका बंगल्यात सैपाकाला हायत, तितंच मागच्या खोलीत राहत्यात, शनिवार-रविवार शेटलोक असत्यात म्हणून त्यांची सुट्टी सोमवारची. त्या म्हणायच्या, "संत्याचा हात परत धड व्हईल का न्हाई म्हाईत न्हाई. बंगल्याला राखणीला माणूस पायजे, खोली मिळतीय, पाने-बिने इकून टाका आन् तिघं बी या." कामशेतचा एक गॅरेजवाला येऊन सामान बघून बी गेलता. समूचे पप्पा काय बोलत नव्हते, आन् ते बोलत न्हाईत म्हंजी त्यांच्या मनात पन्नास टक्के 'व्हय' असतं. आन् मी? मी तर बोलतच न्हाई लवकर. पण मला ती खोली म्हाईत व्हती. दुसऱ्याच्या बागेच्या मागं, समूला सारखं 'हळू बोल, शेट झोपल्यात' सांगत राहायचं. आन् माझ्या हाताला नुकतं कुटं काय यायला लागलं व्हतं. हे म्या कुणाला सांगायचं? 

तर त्या सोमवारी समूचे पप्पा सकाळीच खंडाळ्याला गेले, शेट मुंबईला निघायच्या आत त्यांना भेटायला, राखणीचं पक्कं करायला. जाताना म्हणले, "कुणी आलं तर कामशेतला न्या म्हणून सांग." मी मान हलवली.

ते मळवलीच्या स्टेशनापर्यंत बी पोचले नसत्याल, आन् बबनआबा आले, गाडी ढकलत.

बबनआबा म्हंजी आमच्या गावचं दूध. वाड्यावाड्यांवरनं दूध गोळा करायचं, गाडीला दोन्ही अंगाला किटल्या अडकवायच्या आन् लोणावळ्याला हॉटेलांना घालायचं, आयुष्यभर तेच. आन् चहाच्या टपरीवर बसून आबा जे बोलतील ते संध्याकाळपर्यंत पार कामशेतात पोचतं. कुणाची म्हस आटली, कुणाचा जावई पितो, कुणाचं गॅरेज भंगार, सगळं.

"संतोष कुटंय?"

"खंडाळ्याला गेल्यात, आबा. कामशेतला न्या म्हणल्यात."

"म्या ढकलत न्यू व्हय कामशेतला? उद्या सकाळी दूध जायाला पायजे. आवाज नुसता चढतोय, गाडी चढतच न्हाई." आन् मग माझ्याकडं बघून, "तूच करतीस म्हणं आता?"

"ते सांगत्यात, मी करते."

"आन् आज सांगणारा न्हाई."

"न्हाई."

"मंग?"

मी म्हणणार व्हते कामशेतला टेंपोत घालून न्या. पण कामशेत म्हणलं का त्यो गॅरेजवालाच डोळ्यापुढं आला, आमचे पाने हातात घेऊन तोलून बघणारा. मी म्हणलं, "ठेवा."

आबा गेल्यावर मी खाली बसले आन् गाडीकडं बघून मला रडायला आलं. काय केलं म्या? हे जमलं न्हाई तर आबा टपरीवर बोलणार, मग आमच्याकडं गिऱ्हाईक फिरकणार न्हाई, मग तर पाने इकायचंच ठरलं. मी स्वताच्या हातानं कुलूप लावायला घेतलं व्हतं. मग समू झोळीतनं बघत व्हती म्हणून डोळे पुसले आन् पाना घेतला.

क्लच उघडायच्या आधी खालचा बोल्ट काढून तेल सांडून घ्यायचं. मग किकचा दांडा, मग उजवीकडचं कव्हर. कव्हराचे बोल्ट काय लांब, काय आखूड, चुकीच्या भोकात घातला तर आटा जातो. म्हणून मी एक युक्ती करते. खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढते आन् जो बोल्ट जितनं निघाला तितंच पुठ्ठ्यात टोचून ठेवते. ही माझी हाय, समूच्या पप्पांची न्हाई, ते ध्यानात ठेवत्यात. मला भ्या वाटतं म्हणून मी टोचते. मग आतले स्प्रिंगांचे बोल्ट, एकदम एकच काढायचा न्हाई, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करायचे, न्हाईतर वरची प्लेट वाकडी बसती. आबांच्या प्लेटा निघाल्या त्या काळ्या ठिक्कर, फायबर नावाला न्हाई, करपलेले पापडच.

नव्या प्लेटा घरात व्हत्या. पण नव्या प्लेटा कोरड्या बसवायच्या न्हाईत, आधी तेलात भिजत घालायच्या, मटकी घालतो तशा, फायबरनं तेल पिलं पायजे. आन् घरात तेल बघते तर बाटली रिकामी. आता कुटं जाऊ, पोरीला घेऊन, मळवलीला, उन्हाचं?

तेवढ्यात आत्या आल्या. सुट्टीचा दिवस ना. हातात पिशवी आन् पिशवीत हा एवढा डबा.

"संत्यासाठी आणलं," त्या म्हणल्या. "बंगल्याच्या डायवरनं दिलं. म्या म्हणलं पोराचं गॅरेज हाय, गाडीचं तेल असलं तर दे, तर म्हणला घ्या मावशी, शीलबंद डबा हाय. इकताना सामानाबरोबर जाईल."

मला तर देवच पावल्यागत झालं. इकताना-बिकताना कानावर घेतलंच न्हाई. डबा फोडला, ताटलीत ओतलं, सोनेरी, सुरेख तेल, एवढं पातळ आन् गुळगुळीत का बोटावरनं ठरत न्हाई. प्लेटा त्यात भिजवल्या. आत्या चहा करता करता बघत व्हत्या, "आन् संत्या नसताना कुणाची गाडी ही?" म्हणल्या. आबांची म्हणल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "गावात दुसरा कुणी गावला न्हाई व्हय तुला?"

दुपार कलली तवा सगळं बसवून झालतं. पुठ्ठ्यावर एक बी बोल्ट उरला नव्हता. उरलेलं तेल इंजिनात. हँडलच्या दांड्याला बोटाच्या अर्ध्या पेराएवढी मोकळीक ठेवली. किक मारली, सुरू. मग फेरी. समूचे पप्पा सांगायचे, काम झालं का चढावर फेरी मारायची, सपाटीवर क्लच कधी खरं बोलत न्हाई. पण मला गाडी येती ती पयल्या गेरात, विहारापासनं चिंचेपर्यंत. चढ म्हणलं का मी उतरून ढकलते. मी विहारापासनं चिंचेपर्यंत गेले, परत आले. गाडी चालली की! संध्याकाळी आबा आले, किक मारली, "बरी वाटतीय," म्हणले आन् घेऊन गेले. समूच्या पप्पांचा फोन आला का शेट आज भेटलेच न्हाईत, उद्या सकाळी भेटत्यात, मी आईच्या खोलीवर राहतो, आईला उद्याची बी सुट्टी हाय. मी त्यांना काय सांगितलं न्हाई. मनात म्हणलं, उद्या आले का सांगू, तोंड नसताना हातानं केलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या थापत व्हते, आन् लांबनंच आबांचा आवाज.

भाज्यातनं मळवलीला जायचं तर एक्सप्रेसवेवरचा पूल हाय, त्याला चांगला चढ हाय. भरल्या किटल्या घेऊन आबा चढाला लागले आन् मधोमध गाडी नुसती किंचाळायला लागली. आवाज चढतोय, गाडी चढत न्हाई. मग थांबली, मग मागं मागं यायला लागली. आबांनी पाय टेकले तर एक किटली कलली आन् दूध रस्त्यावर. मागनं शाळेची पोरं चाललेली, हसली. बाकीचं दूध एका जीपवाल्यानं नेलं म्हणून वाचलं.

"दूध सांडलं माझं! भर पुलावर!" आबा अंगणात, ढकलत आणलेली गाडी धरून वरडत व्हते. "म्या आयुष्यात कधी पुलावरनं मागं आलो न्हाई! बायामाणसाच्या हातात पाना दिला, मलाच जोड्यानं मारलं पायजे!"

मी दारात उभी, हाताला पीठ.   मी तर सगळं बरोबर केलतं ना? बोल्ट तर एक बी उरला नव्हता ना?

"आबा, हळू," आत्या म्हणल्या. "पोर निजलीय."

"निजू दे न्हाईतर उठू दे! संतोष आला का सांगा, पाने इक म्हणावं, बरं ठरवलंय त्यानं!"

समू उठली. त्या आवाजानं कोण उठणार न्हाई? झोळीतनं मीच तिला उतरवलं, ती डुलत डुलत पडवीत गेली, तेलाच्या रिकाम्या डब्यापाशी बसली, डब्यावर थापट्या मारल्या आन् म्हणली, "पोंपों."

आता हे सांगायला पायजे. आमी मोठी माणसं सगळ्याला गाडीच म्हणतो. मोटरसायकल ती गाडी, शेटची कार ती गाडी, जीप गाडी, आन् मळवलीला आगगाडी चुकली तरी आमी म्हणतो गाडी चुकली. समूचं तसं न्हाई. तिला घाटाकडं जाणाऱ्या कारा हॉर्न वाजवत्यात त्या म्हाईत, त्या पोंपों. पडवीत येती ती डुगडुग. दोन्ही येगळ्या. पोंपों दिसली का टाळ्या, डुगडुग दिसली का जवळ जाऊन हात लावायचा.

"पोंपों," ती परत म्हणली आन् डब्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं. लाल कार व्हती. मी काल ती बघितलीच व्हती की. गाडीचं तेल, गाडीचं चित्र, त्यात काय बघायचं?

मी आत पळाले. चुलीमागं आमची जुनी तेलाची बाटली व्हती, रिकामी. ती आणून समूपुढं धरली. तिनं बोट ठेवलं. "डुगडुग."

आन् मग मला समूच्या पप्पांचं बोलणं आठवलं, कधीतरी एका गिऱ्हाईकाला सांगत व्हते, मी नुसती पाना धरून उभी व्हते. कारचा क्लच तेलाच्या बाहेर असतो, कोरडा. आपल्या गाडीचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो. म्हणून कारचं तेल कितीबी भारी असलं तरी आपल्या गाडीत न्हाई चालत, त्यात गुळगुळीत करायचं काय काय घातलेलं असतं, प्लेटा एकमेकींना धरतच न्हाईत, नुसत्या घसरत्यात. आन् मी त्या प्लेटा दुपारभर त्यातच भिजवल्या व्हत्या, प्रेमानं!

"आबा," मी म्हणलं, "क्लच बरोबर हाय. तेल चुकलंय. कारचं घातलंय."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग डब्याकडं, मग समूकडं. पण आधी बोलल्या त्या आत्याच. "म्या आणलं," त्या म्हणल्या. "म्या डायवरला म्हणलं गाडीचं तेल दे, त्यानं त्याच्या गाडीचं दिलं. त्याची काय चूक? त्याची गाडी तीच." एवढं बोलून त्यांनी पायात चपला घातल्या, डोक्यावर पदर घेतला आन् उन्हाचं मळवलीला निघाल्या. कुणी सांगितलं न्हाई का कुणाला इचारलं न्हाई.

आबा गेले न्हाईत. तितंच ओट्यावर बसले, तंबाखू मळत, माझ्याकडं टक लावून. मला भ्या वाटत व्हतं, पण बोल्टाला ते कळत न्हाई, त्यो फिरतो. सगळं परत उघडलं. कव्हराचं कागदी पॅकिंग कालच नवं बसवलेलं, ते अख्खं सुटून आलं, फाटलं असतं तर परत मळवली. एकेक प्लेट पेट्रोलच्या फडक्यानं पुसली. आबा मधीच म्हणले, "पुठ्ठ्याला बोल्ट का टोचलेत?" मी सांगितलं. ते "हं" म्हणले. आबांचं "हं" म्या आयुष्यात पयल्यांदा ऐकलं.

आत्या परत आल्या, तोंड उन्हानं लाल, पिशवीत दोन बाटल्या. "दुकानात काय म्हणायचं सुचंना," त्या म्हणल्या. "गाडीचं म्हणायचं भ्या वाटलं. तर म्हणलं डुगडुगचं तेल द्या. त्यो हसला मेला, पण दिलं बरोबर."

इंजिनात थोडं तेल ओतून खालच्या भोकातनं सांडून टाकलं, म्हंजी आधीचं गुळगुळीत धुतलं जाईल. प्लेटा नव्या तेलात परत भिजवल्या, जेवणं व्हईपर्यंत. आबा आमच्यातच जेवले, भाकरी आन् सुकटीची चटणी, दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग सगळं बसवलं. किक मारली.

"घ्या आबा," मी म्हणलं.

"म्या न्हाई," आबा म्हणले. "म्या पुलावर एकदा हसं करून घेतलंय. आता तू चढव. म्या मागं बसतो, दोन किटल्यांच्या वजनाचा हाय म्या."

मी आत्यांकडं बघितलं. वाटलं त्या तरी न्हाई म्हणतील. आत्यांनी समूला कडेवर घेतलं आन् म्हणल्या, "ओढणी घट बांध. चाकात जाईल."

विहारापासनं चिंचेपर्यंत मला म्हाईत व्हतं. चिंचेच्या पुढं मी देवाचं नाव बी घेतलं न्हाई, नुसता दांडा धरला. पूल दिसला. चढ लागला. माझा डावा हात असा आवळला का बोटं पांढरी, अर्धा दाबलेला अर्धा सोडलेला, आन् इंजिन किंचाळायला लागलं आन् मला वाटलं झालं, परत तेच, आता पाने गेले, आता खंडाळा.

"सोड!" आबा मागनं वरडले. "हात सोड की! हाफ क्लचवर नको चढू, नव्या प्लेटा जाळशील!"

"तुमी बी तेच करता आबा!" मी वरडले. "किटल्या घेऊन रोज! म्हणूनच जळल्या!"

मोठ्या माणसावर मी कधी वरडले नव्हते. आवाज निघाला आन् त्याच्याबरोबर हात बी सुटला. गाडीनं एकदम मागनं ढकलल्यागत केलं. आवाज चढला, आन् गाडी बी चढली. आबा आन् मी आन् ती म्हातारी मोटरसायकल, पुलाच्या माथ्यावर, खालनं एक्सप्रेसवेच्या पोंपों सुसाट चाललेल्या, आन् समोरनं, स्टेशनाकडनं, गळ्यात हात अडकवलेला एक माणूस चालत येतोय.

समूचे पप्पा.

त्यांनी बघितलं, तोंड उघडं ते उघडंच. पण मला थांबता येतं कुटं? थांबायचं म्हणलं का परत क्लच, परत चढ. मी वरडले, "खाली थांबते!" आन् त्यांच्या अंगावरनं तशीच उताराला. ते माघारी वळून पळत, प्लास्टर सांभाळत. टपरीपाशी मी कशीबशी थांबले, आबा उतरले. समूचे पप्पा आले, दम लागलेला, त्यांनी मला बघितलं न्हाई, इंजिनाकडं वाकले, हात लावून बघितला आन् पयला सवाल इचारला, "तेल कुठलं घातलं?"

"आज डुगडुगचं," आबा म्हणले. "काल पोंपोंचं व्हतं."

समूच्या पप्पांना काय कळलं न्हाई. मग मी सगळं सांगितलं, एका दमात, मधी श्वास घेतला का न्हाई म्हाईत न्हाई. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणले, "मी शेटला व्हय म्हणून आलोय. पयल्या तारखेपासनं."

म्हंजी पाने गेलेच की.  मग आबांनी चहा सांगितला, बशीत ओतला, फुंकला, आन् टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणले, "मंग जा की संतोष, तू जा. राखणीला एक माणूस पुरतो. गॅरेजला माणूस हाय आपल्याकडं."

लोक हसले. समूचे पप्पा बी हसले, पण हळू. घरी आल्यावर आत्यांना सांगितलं तर त्या तवा घासत व्हत्या, मान वर न करता म्हणल्या, "शेटाला मी सांगते. डायवरचा भाचा रिकामा बसलाय कधीचा, त्याला ठेवा म्हणते. आन् डायवरला बी सांगते, तेल दिलंस ते गाडीचं व्हतं, पण आमच्या गाडीचं न्हाई."

पाने पडवीतच हायत. समूच्या पप्पांचं प्लास्टर निघालं, मनगट मातर अजून पुरतं फिरत न्हाई, त्याचं मला वाईट वाटतं, ते बोलून दाखवत न्हाईत पण जड नट आला का पाना गुपचूप माझ्याकडं सरकवत्यात. पंक्चर, वायरिंग आन् गिऱ्हाईकाशी बोलणं त्यांचं, क्लच माझे. मला अजून एक सल हाय. सोमवारीच मी चढावर गेले असते तर आबांचं दूध सांडलं नसतं. म्हणून आता काम झालं का मी गाडी पुलावर नेतेच, भ्या वाटलं तरी. भ्या गेलेलं न्हाई. ते मागं बसतं आन् मी चालवते. आन् डब्यावरचं बारीक अक्षर बी वाचते, अडखळत, बोट ठेवून ठेवून. समूला अंगणवाडीत अक्षरं शिकवत्यात, आमी दोघी एकदमच शिकतोय.

मळवलीच्या दुकानात आता आख्खं भाजे डुगडुगचं तेल मागतं. आबा बी. दुकानदार नव्या माणसाला उलटा इचारतो, डुगडुगचं का पोंपोंचं?

फक्त समू ते म्हणत न्हाई. शानी झालीय. परवा पडवीत पळत आली, "मम्मी, बाहेर गाडी आलीय!" मी पाना खाली ठेवला आन् इचारलं, "कंची गाडी?"